सुनीतीचं मध्यम हृदय

ऐरोलीच्या त्या सोसायटीत विलासराव स्वतःला फार हुशार समजायचे. मुलगी सुनीती सत्तावीस वर्षांची, आयटी पार्कात नोकरीला. लहानपणी तिच्या हृदयाचं ऑपरेशन झालेलं. विलासराव सांगायचे, "साधं भोक होतं हो, बुजवलं. विषय संपला!"

डोंबल संपला! हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी गेल्या महिन्यातच बापलेकीला समजावलं होतं. जन्मजात दोषांचे वर्ग हृदयाच्या रचनेवरून ठरतात: साधा, मध्यम, गुंतागुंतीचा. नुसतं छोटं भोक असतं तर साधा. पण सुनीतीला भोकही होतं आणि फुफ्फुसाकडे जाणारी वाटही अरुंद होती, म्हणून मध्यम. ऑपरेशननं वर्ग बदलत नाही. आता झडप गळतेय. लग्न, मूलबाळ यांच्या आधी नीट तपासणी करून घ्या.

विलासरावांच्या डोक्यात मात्र ऑपरेशन म्हणजे थेट साध्या वर्गात बढती. म्हणे, "तपासणी लग्नानंतर. आत्ता गेलीस तर गावभर होईल." आईनं तर पोरीचे सगळे ड्रेस बंद गळ्याचे शिवून घेतले होते. छातीवरचा व्रण दिसला तर स्थळं पळतील ना! सुनीतीला या दोघांची कीव यायची आणि चीडही. रात्रंदिवस धडधडतंय ते हिचं, आणि अब्रू जाते यांची!

रविवारी नेरुळचं स्थळ आलं. पोहे झाले. मुलाची आत्या, चष्म्यावरून बघत, म्हणाली, "ऑपरेशनचं कानावर आलंय. बाळंतपण झेपेल ना हिला?"

सुनीतीनं वडिलांकडे पाहिलं. डॉक्टरीणबाईंचं सगळं यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं. निदान एवढं तरी म्हणतील, की विचारून सांगतो.

"न झेपायला काय झालं?" विलासराव हसत म्हणाले. "ठणठणीत आहे. माझी जबाबदारी!"

सुनीतीनं हातातला ट्रे टीपॉयवर आदळला.

"पप्पा, झडप गळतेय माझी. तपासणी न करता मूल झालं आणि मी मेले, तर ती जबाबदारी कशी निभावणार तुम्ही? मी सोमवारी हॉस्पिटलला जातेय. तुम्ही या, नाहीतर नका येऊ."

आईनं पदर तोंडाला लावला. विलासरावांनी मुलीकडे बघितलंसुद्धा नाही. ते पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "चहा घ्या ना, गार होतोय."