काकांचे कावळे

मेलेल्या माणसांची मर्जी राखावी ती माझ्या मावशीच्या यजमानांनीच. अख्ख्या सोलापुरात त्यांची बरोबरी करणारा मी पाहिला नाही. जिवंत माणसांशी मात्र काकांचं फारसं जमत नसे. नवी पेठेत त्यांचं टोप्यांचं दुकान होतं आणि गिऱ्हाईक आरशासमोर जरा रेंगाळलं की ते म्हणत, "टोपीत दोष न्हाय, डोक्यात हाय." पण कुणाच्या दहाव्याला तळ्याकाठी पिंड मांडलेला आहे, कावळा काही शिवत नाही आणि भटजी घामाघूम झालेत, असं झालं की पहिलं बोलावणं काकांना. दुकान उघडं टाकून, काळी छत्री घेऊन ते निघत. मेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते त्यांना नेमकं कळतं, अशी पेठेची खात्री होती. एका कापडवाल्याच्या मुलांनी बापाला काशीयात्रेपासून दुकान न मोडण्यापर्यंत सगळी वचनं दिली, तरी कावळा भिंतीवर ढिम्म. काका आले आणि पिंडाकडे बघून ओरडले, "अण्णा, सुनंनं तुमची शेंगाचटणी बंद केली व्हती न्हवं? दरसाल पानावर वाढाया सांगतो, या आता!" कावळा लगेच खाली आला. पितृपंधरवड्यात तर काका या घराच्या माडीवरून त्या घराच्या माडीवर कावळ्यांना हाका मारत हिंडत आणि घरोघरचे वडे खाऊन पोट बिघडवून घेत.

या विद्येवर आम्ही पोरं फार हसायचो. पुढे मावशीने मला त्या विद्येचं मूळ सांगितलं आणि माझं हसू पळालं. त्यांचा एकुलता एक मुलगा महायुद्धात पलटणीबरोबर बसऱ्याकडे गेला, तो गेलाच. मेल्याची खबर नाही, जगल्याचीही नाही. कावळा दारात ओरडला की पाहुणा येतो, म्हणून तेव्हापासून काका रोज सकाळी पत्र्यावर भाकरी कुस्करून टाकत. कावळा ओरडला की मावशीला म्हणत, "एक भाकर जास्त टाक," आणि रस्त्याकडे तोंड करून बसत. ती भाकरी संध्याकाळी गाईला जाई. अर्ध्या गावाचे कावळे काकांच्या ओळखीचे झाले ते असे.

परागंदा माणसाची बारा वर्षं वाट पाहायची आणि मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत आहे. बारा वर्षं सरली. दुसऱ्याच्या घरचं श्राद्ध चुकलं तर भांडायला जाणारे काका आता भटजी दिसले की गल्ली बदलू लागले. शेवटी मावशीच म्हणाली, "पंधरवडा आला. समद्यांची जेवत्यात. माझ्या लेकरानं कुणाच्या पंगतीला बसावं?" दुसऱ्या दिवशी दर्भ आणायला काका स्वतःच गेले.

दहाव्याला सगळी पेठ तळ्यावर लोटली. बायका तिथे येत नाहीत, पण मावशी आली होती आणि तिला कुणी अडवलं नाही. काका आता पोराला काय कबूल करतात, याकडे सगळ्यांचे कान होते. पण ते हात जोडतात न जोडतात तोच कावळा उतरला. काकांनी छत्री उगारून त्याला हाकललं. तो पुन्हा आला. काका पुन्हा धावले. "हुश्श! आजून न्हाय!" मला त्यांच्याकडे बघवेना. भटजींनी मान खाली घातली.

मावशीने पुढे होऊन छत्री धरली. "जेवू द्या की हो त्याला. लई दिसाचं उपाशी हाय."

काकांच्या हातातून छत्री सुटली आणि कावळा शिवला.

त्यानंतर काका कुणाच्या दहाव्याला गेले नाहीत. पत्र्यावर भाकरी मात्र रोज पडे. एकदा सकाळीच मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा कावळा दारात जीव तोडून ओरडत होता. मावशीचा हात सवयीने पिठाच्या डब्याकडे गेला.

"ऱ्हाऊ दे," काका म्हणाले. "त्यो आपला नुसता वरडतोय."