काढून ठेवलेली स्लाइड

दुपारचे अडीच वाजलेत. शैलजा विश्रामगृहाच्या पलंगावर दहा मिनिटांसाठी म्हणून आडवी झाली आहे. चारला जिल्ह्याच्या पाणी समितीपुढे तिला बोलायचं आहे. लॅपटॉप उशीशेजारी उघडाच आहे आणि डोळे मिटले तरी स्लाइडची रांग दिसत राहते: दहा लहान चौकोन, त्यातल्या सातव्याच्या आकड्यावर तिरकी रेघ. ती स्लाइड आता पडद्यावर येणार नाही. सकाळी तिनेच ती लपवली आहे.

प्रकल्पप्रमुख सबनीस सरांनी काही दटावलं नव्हतं. नाश्त्याच्या टेबलावर पोह्यांवर लिंबू पिळता पिळता ते म्हणाले होते, "शैलजाबाई, मांडणी झकास झालीय. फक्त ती सातवी तेवढी काढा."

"सर, सातवीसाठीच तर बाकीच्या आहेत."

"एक सादरीकरण, एक मुद्दा. हे तुम्हीच पोरांना शिकवता ना? कोरेगव्हाणची सरासरी मर्यादेच्या आत आहे, हा मुद्दा. त्याला एका हातपंपाचं शेपूट लावलंत की समिती तिथेच भांडत बसणार आणि बाकीच्या अकरा गावांचे शुद्धीकरण प्रकल्प लटकणार. हवं तर मागे परिशिष्टात जोडा. खोटं कुठे काय सांगतोय आपण?"

खोटं काही नव्हतं. कोरेगव्हाणचे हातपंप चौदा. लिटरमागे दीड मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. चौदांची सरासरी एक पूर्णांक तीन. फक्त टेकडीखालच्या वस्तीतला शेवटचा पंप सहा पूर्णांक आठ दाखवतो. तिथे बावीस घरं आहेत. तिथल्या पोरांचे दात तपकिरी आहेत, आणि चाळिशीतल्या बाया भिंतीला धरून उठतात. सातव्या स्लाइडवर तेवढंच होतं.

अकरा गावं एकीकडे, बावीस घरं एकीकडे. तिने रेघ ओढली होती.

पंखा फिरतोय. पडद्याच्या फटीतून आलेलं ऊन समोरच्या भिंतीवर चौकोन करून बसलंय. शैलजाला वाटतं, चौकोन जरा वाकडा आहे, सरळ करायला हवा. हात उचलायचा म्हणते, पण हात जड झालाय.

"पुढचे पाय वर कर यंत्राचे. मग होईल सरळ," कोणीतरी म्हणतं.

तिचे वडील, आप्पा, खिडकीशी जमिनीवर मांडी घालून बसलेत. अकरा महिन्यांपूर्वी गेले तेव्हा होते त्याहून बरेच तरुण आहेत, दौऱ्यावर घालायचे तो खाकी बुशशर्ट अंगात आहे. मांडीवर लांबट लाकडी पेटी. पेटीतली एकेक स्लाइड काढून ते उजेडाकडे धरतात, फुंकर मारतात, धोतराच्या मऊ तुकड्याने पुसतात आणि परत उलटी खोचतात. स्लाइड दाखवायच्या जुन्या यंत्रात ती उलटी घालायची म्हणजे पडद्यावर सुलटी दिसते, हे शैलजाला सहाव्या वर्षीच ठाऊक होतं.

"आप्पा, इथे कसे तुम्ही?"

"दौरा आहे. तू काय झोपा काढतेस भरदुपारी? सरकारी गादी फार मऊ आहे वाटतं."

"बोचते."

"मग बरोबर आहे."

तिला हसू येतं. आता काही बोलायला नको, बोललं तर जातील, असं तिला वाटतं. पण आप्पांनी हात पुढे केलाय.

"दाखव बघू तुझं यंत्र."

ती लॅपटॉप त्यांच्याकडे वळवते. आप्पा चष्मा कपाळावर चढवतात.

"ही अक्षरं कोणासाठी? मुंग्या येणारेत का बैठकीला?"

"आप्पा!"

"नाही, सांग ना. मागच्या रांगेतल्या म्हातारीला दिसलं पाहिजे. तिला डोळ्यांसमोर ठेवलं की पुढच्या साहेबालाही आपोआप दिसतं."

"माहितीये. चित्राकडे तोंड करून बोलायचं नाही. स्लाइड बदलली की तीन श्वास थांबायचं, आधी डोळ्यांना जेवू द्यायचं. मी हेच शिकवते वर्गात. तुमचं नाव सांगून शिकवते."

"माझं नाव कशाला सांगतेस?" आप्पा एकदम म्हणतात आणि पेटी उचलून उभे राहतात. "चल. जीप उभी आहे. माझी एक स्लाइड कमी भरतेय. पंचवीस हव्यात, चोवीसच आहेत."

खोलीचं दार उघडतं ते शाळेच्या पटांगणात. संध्याकाळ आहे. दोन खांबांना पांढरी चादर ताणून बांधली आहे, जनरेटर धडधडतोय. डावीकडे बायका, उजवीकडे पुरुष. पुढे खुर्च्यांवर पाणी समिती बसली आहे, गळ्यात ओळखपत्रं, समोर पाण्याच्या बाटल्या. त्यांच्या पायाशी पोरं मातीत लोळताहेत, आणि कोणालाच त्याचं नवल वाटत नाही. शैलजाच्या हातात पेटी आहे. आप्पा कुष्ठरोगाचं शिक्षण द्यायला गावोगाव फिरायचे, तेव्हा सुटीत पेटी धरायचं काम तिचंच असायचं.

खट्. पाठीवरचा फिकट चट्टा. आप्पा लोकांकडे तोंड करून उभे आहेत. तीन श्वास.

"हा चट्टा खाजत नाही, दुखत नाही. म्हणून आपण काय म्हणतो? असू दे."

बायकांमधून कोणीतरी म्हणतं, "नवराबी तसाच हाय माजा. ना खाजत, ना बोलत." हशा पिकतो. आप्पाही हसतात. हशा ओसरेपर्यंत थांबतात आणि मग अगदी हळू म्हणतात, "त्यालाही घेऊन या तपासायला."

खट्. गालावरचा चट्टा. खट्. दंडावरचा. शैलजा आप्पांच्या आवाजाकडे पाहत राहते. आवाज खरोखर दिसतोय तिला, उजेडाच्या पट्ट्यात उडणाऱ्या धुळीसारखा. अकरा महिन्यांत तिने तो आठवायचा प्रयत्न केला होता आणि शब्द आठवले होते, आवाज नाही.

खट्.

पडदा पांढराफटक पडतो. खाच रिकामी आहे. नुसता उजेड चादरीवर आणि चादरीवरून लोकांच्या तोंडावर. कोणी हसत नाही, कोणी ओरडत नाही. तीन श्वास होतात. सहा होतात.

"आप्पा, पुढची घ्या."

आप्पा हलत नाहीत. बायकांच्या शेवटच्या रांगेतून एक बाई उठते, वाट काढत पुढे येते, आणि घाम पुसायला हात उचलते तेव्हा त्या हाताची सावली चादरीवर पडते. मोठी, काळी, स्पष्ट. सावलीला बोटं आहेत, पण ती मधल्या पेरापर्यंतच आहेत.

"गिरजाबाई," आप्पा म्हणतात. "बसा बाई."

"बसतेच की. कवाधरनं बसलीया," बाई म्हणते आणि समितीच्या पायाशी मातीत बसते. समितीतला एक जण पाय थोडे मागे घेतो.

आता ते दोघं घरच्या स्वयंपाकघरात आहेत. भिंतीवर मात्र तोच पांढरा चौकोन आहे. आप्पा पाटावर बसलेत आणि शैलजा ओट्याला टेकून उभी आहे.

"ती स्लाइड हरवली नव्हती," आप्पा म्हणतात. "मी काढली होती."

"कोणती?"

"हाताची. तव्यावर भाजलेला हात. त्यातल्या बाईला चट्टा कुठेच नाही, पण हाताची जाणीव गेलेली. चटका बसला तरी कळत नाही. दिसायला भयंकर होती ती स्लाइड. सरपंच म्हणाले, साहेब, लगीनसराई आहे, पाहुणे आलेत गावात. बाकीचं दाखवा, ते भाजलेल्या बोटांचं नको, सोयरिकी मोडतील. मला वाटलं, चट्ट्यांच्या चोवीस आहेत, भरपूर झाल्या. कार्यक्रमच रद्द झाला असता तर? चोवीस दाखवल्या. सगळ्या खऱ्या होत्या."

शैलजा भिंतीवरच्या कोऱ्या चौकोनाकडे पाहते.

"तीन वर्षांनी ही गिरजाबाई दवाखान्यात आली. मी म्हटलं, बाई, तुम्ही तर कार्यक्रमाला होतात, मग आला का नाहीत? म्हणाली, साहेब, मी घरी जाऊन सगळं अंग बघितलं. तुम्ही दाखवलेला चट्टा मला नव्हता. मला नुसतं भाजलेलं कळत नव्हतं. ते तुमच्यात नव्हतं."

"मला कधी सांगितलं नाहीत हे."

"तू माझ्यासारखं बोलायला शिकत होतीस. आरशापुढे उभी राहून. तीन श्वास मोजत."

"मग आता कशाला सांगताय?" तिचा आवाज चढतो. बापाशी ती या आवाजात जन्मात बोलली नव्हती. "पस्तीस वर्षं काही बोलला नाहीत, आणि आता? मी काय करू त्याचं? आज चारला माझी बैठक आहे!"

"म्हणून तर."

"माझी गोष्ट वेगळी आहे. अकरा गावं आहेत पलीकडे. माझ्याही नऊ खऱ्याच आहेत!"

आप्पांनी हो म्हटलं असतं तर बरं झालं असतं, नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. ते फक्त तिच्याकडे पाहतात, पडदा कोरा पडल्यावर लोकांनी पाहिलं होतं तसं.

खट्, असा आवाज होतो, पण अर्धवट. "अडकली," आप्पा म्हणतात. यंत्र पटांगणात मधोमध आहे आणि सगळे वाट पाहताहेत. समिती घड्याळं पाहतेय. "शैलू, झाकण वर धर. मी आतली काढतो. लवकर, नाहीतर दिव्याने वितळेल."

ती झाकण धरते, अंगठ्याने दाबून वर करते. आप्पांची बोटं आत काहीतरी शोधताहेत. उजेड डोळ्यांत जातोय. कुठूनतरी करपल्याचा वास येतो. फिल्मचा असेल, तिला वाटतं. मग मातीत बसलेली गिरजाबाई मान वर करते आणि साध्या, शेजारणीच्या आवाजात म्हणते, "बाई गं, तुजा हात जळतुया."

शैलजा पाहते. अंगठा दिव्याच्या तापलेल्या पत्र्यावर टेकलेला आहे. धूर निघतोय.

"आप्पा," ती म्हणते. "आप्पा, मला काही कळत नाहीये."

आप्पा यंत्र सोडतात. जनरेटर थांबतो. ते तिचा हात हातात घेतात, तळवा वर करतात, खिशातून कापसाची वात काढतात. तपासणीच्या वेळी शेकडो लोकांना म्हणाले असतील त्याच सुरात म्हणतात, "डोळे मीट. स्पर्श होईल तिथे बोट ठेव."

ती डोळे मिटते.

"इथे?"

काही नाही.

"आता?"

"नाही."

"घाई करू नको. आता?"

"नाही, आप्पा." ती रडतेय. त्यांच्या शेवटच्या दिवशीही रडली नव्हती. "खरंच नाही कळत."

"आता?"

दार वाजतंय.

भिंतीवरचा उन्हाचा चौकोन सरकून कपाटावर गेलाय. शैलजा उठून बसते. तोंड ओलं आहे, ते ती पदराने पुसते. साडेतीन.

"मॅडम," दाराबाहेरून चालकाचा आवाज, "सर गाडीत बसलेत. म्हणाले, फाइल तीच ना सकाळची? तिकडे आधीच पाठवायचीय."

ती उत्तर द्यायला तोंड उघडते आणि उजव्या हातात कळ उठते. अंगठ्याच्या पेरावर फोड आहे. पावलीएवढा, पाण्याने टचटचीत भरलेला, भोवती लाल कडा. ती खोलीभर नजर फिरवते. खोलीत शेगडी नाही, किटली नाही, इस्त्री नाही. लॅपटॉपला हात लावून पाहते. तो गार आहे. डाव्या हाताची नखं ती फोडाच्या कडेवर हळूच टेकवते आणि कळ थेट कोपरापर्यंत जाते. ती पुन्हा टेकवते. पुन्हा जाते.

आप्पांनी खरोखर स्लाइड काढली होती का? गिरजाबाई नावाची बाई होती का? आई सहा वर्षांपूर्वी गेली, पेटी रद्दीत गेली, आता विचारावं असं कोणी राहिलेलं नाही. हे तिला कधीच कळणार नाही.

"मॅडम? काय सांगू सरांना?"

"सांगा, तीच नाही," शैलजा म्हणते. "एक वाढलीय. आणि म्हणावं, भांडण झालं तर मी भांडेन. अकरा गावांसाठीही भांडेन."

पावलं जिन्यावरून उतरत जातात. ती लॅपटॉप मांडीवर ओढते. सातव्या चौकोनावर जाते, आकड्यावरची तिरकी रेघ काढून टाकते आणि मग ती स्लाइड एकेक घर वर सरकवायला लागते. सहावी, पाचवी, चौथी, अगदी पहिल्या जागेपर्यंत. प्रत्येक वेळी बटण दाबताना अंगठा ठणकतो, डोळ्यांत पाणी येतं.

ती बोट बदलत नाही.