पुढच्या दिवाळीपर्यंतचे बूट

बोंडअळीनं कापूस खाल्ला, कापसाची सरकी काढणारं जिनिंग बंद पडलं आणि तिथं मुकादमी करणारे उकंडाभाऊ गप्पच झाले. शुगर निघाली म्हणून डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तर ते पहाटे एकटेच विहिरीकडच्या रस्त्यानं जायचे. ते परत येईपर्यंत त्यांची बायको कौसल्याबाई दारातून हलायची नाही. त्या वर्षांत कुणी ना कुणी जीव दिल्याची बातमी रोजच यायची, आणि गावोगावी बाया अशाच दारात उभ्या असायच्या.

म्हणून बूट घ्यायला दोघं आर्णीच्या खेळसामानाच्या दुकानात गेली, तेव्हा तिनं आधी घड्याळच मागितलं. माणूस कुठं आहे, ते मोबाइलवर दाखवणारं. दुकानदारानं उकंडाभाऊंपुढं चालायचे बूट ठेवले. त्यांनी एक उचलला, सोल दुमडून पाहिला, शिवण नखानं ओढली आणि एकदम तडकले, "हा का बूट हाय? काळ्या मातीत टिकन का हा? मजबूत दाखव! पुढच्या दिवाळीच्या आत सोल निघाला, तं इथंच आणून आपटीन!"

दुकानदार वरमला. कौसल्याबाईचा जीव मात्र भांड्यात पडला. कित्येक महिन्यांत हा माणूस उद्याचंसुद्धा बोलला नव्हता.

तिनं हातातलं घड्याळ काउंटरवर ठेवलं. "हे राहू द्या, भाऊ. बूट मात्र त्याच्याही पुढच्या दिवाळीपर्यंत टिकतीन असे दाखवा."