आत्याच्या खुब्यातलं सिमेंट

माझी आत्या ज्या सिमेंटमुळे गेली, ते मी माझ्या हातानं कालवलं होतं.

आज वर्ष झालं.

मी धंतोलीत एका हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये, म्हणजे ओटीत, टेक्निशियन आहे. खुबा बदलताना नवा सांधा हाडात पक्का बसावा म्हणून एक खास सिमेंट वापरतात. पावडर आणि लिक्विड. वास असा की मास्कमधूनही नाकात जातो. ग्लोव्हला चिकटायचं थांबलं की सर्जनच्या हातात द्यायचं.

अठरा वर्षं हेच करतोय. गावात मला अर्धा डॉक्टर म्हणतात.

शांताआत्या कुहीकडची. बकरीच्या दोरीत पाय अडकून पडली, खुबा मोडला. तिची एकुलती एक मुलगी विद्या पुण्याला, म्हणून पहिला फोन मला. दवाखान्यात आपला माणूस असला की आमच्याकडे बाकीचे सगळं त्याच्यावर सोपवून मोकळे होतात.

"दादा, तू पाह्य सगळं. मी परवा पोचतो," विद्या म्हणाली.

भूलतज्ज्ञ मॅडमनी मला बसवून नीट सांगितलं. आत्याचं हार्ट कमजोर आहे. सिमेंट हाडात दाबलं की कधीकधी आतली चरबी रक्तातून फुप्फुसात जाते. बीपी एकदम पडतं. क्वचित हृदय थांबतं. बिनसिमेंटचा सांधा तिच्या ठिसूळ हाडात टिकायचा नाही, आणि ऑपरेशनच टाळलं तर कायमचं अंथरूण.

"मी सांगते त्यांना," मॅडम म्हणाल्या.

"राहू द्या मॅडम. माझी आत्या आहे, मी सांगतो."

वॉर्डात आत्यानं विचारलं, "काय म्हणून राहिल्या गा मॅडम?"

"काही नाही वं आत्या. बीपी थोडं कमी होते, बस."

"मंग विद्याले येऊ दे. तिले पाहीन अन् मंग जाईन आत."

"काहून? ती येईल तवा तू वॉकर धरून उभी राहशीन."

ती हसली. सही केली.

एक दिवस थांबता आलं असतं. पण दुसऱ्या दिवशीच्या ऑपरेशनांत पहिला नंबर मी खटपट करून मिळवला होता. त्याचीच मला ऐट होती.

कमरेखाली बधिर केलं होतं. आत्या जागी. ओटीत जुनी गाणी चालू. ठोकाठोक ऐकून ती म्हणाली, "सुतार बलावला का गा?"

सगळे हसले.

आमच्या ओटीत एक पद्धत आहे. सिमेंट आत जाताना सर्जन मोठ्यानं "सिमेंट" म्हणतात, मॅडम "हो" म्हणतात आणि गाणं बंद होतं. सगळ्यांचे डोळे मॉनिटरवर.

"गाणं काहून बंद केलं गा?" आत्यानं विचारलं.

"दोन मिनिटं, आत्या."

मग बीपी पडलं. ऑक्सिजन पडला.

औषधं, ट्यूब, छाती दाबणं, सगळं वेळेत झालं. छातीवर माझेही हात होते.

ती परत आली नाही.

ओटीत कुणाचं काही चुकलं नाही. चूक वॉर्डात झाली होती, आदल्या दिवशी.

विद्या मिळेल त्या विमानानं आली. आई शेवटचं काय बोलली, विचारलं. मी गाण्याचं सांगितलं. रडता रडता ती हसली.

तेव्हापासून ती भेटेल त्याला सांगायची, "दादा संग होता, म्हून आईले एकटं नसन वाटलं." मी तिथेच उभा राहून ऐकायचो. लाज वाटायची. तोंड उघडत नव्हतं.

लोक म्हणतील, सांगितलं असतं तरी तिनं सही केलीच असती.

केली असती. पण लेकीला पाहून.

आज सकाळी विद्याला फोन केला आणि सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "आई थांबतो म्हणत होती? माह्यासाठी?"

"हो."

"मी वर्षभर सगळ्यांले तुह्यं चांगलं सांगत होती, दादा. आता खरं तू सांग."

फोन ठेवला तिनं.

म्हणून ही पोस्ट.

शांताआत्या, निर्णय तुझा होता. मी तो तुझ्या हातात दिलाच नाही.

शेवटचा नमस्कार.