गेटचा दिवा

फोनचा रिसीव्हर माझ्या साडूंइतक्या अदबीने उचलणारा माणूस अख्ख्या नागपुरात झाला नाही, आणि हे मी त्यांच्यावरचा राग कायम ठेवून लिहितो आहे. घंटी वाजत असताना ते रिसीव्हरला हात लावत नसत. दोन घंट्यांच्या मधे जी शांत जागा येते तिची वाट पाहत हात हवेत धरून उभे राहत आणि मग अलगद उचलत. सासऱ्यांकडे नवा फोन बसला तेव्हा त्यांनी सगळ्या घराला हीच शिस्त लावली. सासूबाई एकदा भर घंटीत उचलायला धावल्या, तर हे म्हणाले, "आई, थांबा जरा. त्याले दम घेऊ द्या." 'त्याले' म्हणजे तारेच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या सर्किटला. सासूबाई थांबल्या. पलीकडच्याने कंटाळून फोन ठेवला.

साडू प्रताप नगरात राहत आणि पॉलिटेक्निकात शिकवत. मी नागपूरला लागून असलेल्या वाडीचा ट्रान्सपोर्टवाला, सातवी पास. भाड्याच्या एका खोलीपासून सुरू करून स्वतःचं गोडाऊन उभं केलेला. सासरे पाहुण्यांना त्यांची ओळख "आमचे इंजिनीअर जावई" अशी करून देत आणि माझी "हे वाडीला असतात" अशी. तरीही ऐंशीच्या सुमारास या इंजिनीअर जावयांनी नोकरीचा राजीनामा देऊन जे दार ठोठावलं, ते माझं. त्यांना स्वतःचं छोटं टेलिफोन एक्स्चेंज बनवायचं होतं, एका जागेतले फोन एकमेकांना जोडणारा भिंतीवरचा डबा. थोरली मेव्हणी, म्हणजे त्यांची बायको, स्पष्ट बोलली होती, "दिवाळीपर्यंत एक तरी डबा विकून दाखवा, नाही तर प्रिन्सिपॉलसमोर हात जोडून नोकरी परत घ्या." हात जोडणं साडूंना जमलं नसतं, हे आम्ही सगळेच जाणून होतो.

मग माझं गोडाऊन म्हणजे त्यांची प्रयोगशाळा झाली. सकाळी ड्रायव्हर सांगत यायचा, "शेठ, गाडी स्टार्टच नाही होऊन राहिली." बॉनेट उघडावं तर आत बॅटरीच नाही. दोन ट्रकच्या चार बॅटऱ्या एकामागे एक जोडून साडूंनी अठ्ठेचाळीस व्होल्ट केलेले असत. मी आरडाओरडा केला की ते शांतपणे समजावत, "शेठ, फोनले घरची लाइट लागत नाही. त्याचा घास एक्स्चेंजमधूनच जातो, त्याच दोन तारांतून."

या दोन तारांचं त्यांना भारी कौतुक. प्रत्येक फोनच्या तारा डब्यात जिथे पोचत, तिथे त्यांनी पोस्टकार्डाएवढं एक सर्किट बसवलं होतं. ते तारांवर सारखं लक्ष ठेवून असायचं. रिसीव्हर जागेवर असला की वाट तुटलेली, करंट वाहत नाही. उचलला की वाट जुळते, करंट जाऊन परत येतो, सर्किटला कळतं आणि डब्यावर त्या फोनचा लाल दिवा लागतो. घंटीचा करंट त्याच तारांतून पाठवायचा, पण तो जबर. माणसाने उचलल्याबरोबर तोडायचा, नाही तर खडखडाट थेट कानात. साडू तारांना ओलं बोट लावून करंट तपासत. एकदा बोट तारांवर असतानाच त्यांनी स्वतःच घंटीचं बटण दाबलं आणि उडून माझ्या मिरचीच्या पोत्यांवर पडले. बराच वेळ शिंकत राहिले आणि दोन शिंकांच्या मधल्या शांततेत म्हणाले, "पोचली. घंटी पोचली."

दिवाळीच्या तोंडावर मी वाडीचे ट्रान्सपोर्टवाले गोळा केले. डबा माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर, एक फोन टेबलावर, दुसरा थेट गेटवर. गेटचा दिवा विझलेला पाहून मीच कुजबुजलो, "साडूभाऊ, लाइन मेली वाटते." ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दिवा बंद म्हणजे लाइन मेली असं नाही. कोणी उचललेला नाही, एवढंच."

बोलणं झालं, घंट्या झाल्या, सगळे खूश. पण शेजारच्या गोडाऊनचे काकाजी दुसऱ्याच्या मालात खोट काढल्याशिवाय चहा न पिणारे. त्यांनी हमालाचा लोखंडी आकडा घेतला आणि गेटच्या दोन्ही तारांवर आडवा दाबला. "आता जळते पहा तुमचा डबा." डब्यावर फक्त गेटचा दिवा लागला. साडू म्हणाले, "काकाजी, त्याले वाटून राहिलं की तुम्ही फोन उचलला. तो ठरल्यापेक्षा जास्त करंट देतच नाही. धरा किती वेळ धरता ते." काकाजींनी हात भरून येईपर्यंत आकडा धरला. डबा जळला नाही. माझी छाती अशी फुगली की जणू ते सर्किट मीच जोडलं होतं.

आता माझी पाळी होती. "कितीले द्याल?" काकाजींनी विचारलं. या प्रश्नासाठी मी पंधरवडाभर तयार होतो. परवडत नाही असा चेहरा केला, सुस्कारा सोडला, तोंड उघडणार एवढ्यात साडूंनी सामानाचा खरा खर्च आणि आपली मजुरी सांगून टाकली. काकाजी लगेच म्हणाले, "दिले." पाठोपाठ दुसऱ्यांनीही ऑर्डर दिली. ज्या भावाला समोरचा लगेच हो म्हणतो, तो भाव म्हणजे भर बाजारात खाल्लेली थप्पड.

पाहुण्यांना सोडायला साडू गेटवर गेले आणि तिथूनच त्यांनी फोन केला. आवाजात आनंद मावत नव्हता. मी म्हटलं, "उद्यापासून माझ्या गोडाऊनात पाय ठेवू नका," आणि रिसीव्हर आदळला.

गेटचा दिवा विझला नाही. मी जेवणाचा डबा उघडून बसलो, दिवा तसाच. आकडा तर आता कोणी लावला नव्हता. खिडकीतून पाहिलं तर ट्रकच्या धुळीत साडू रिसीव्हर कानाला लावून उभे. शेवटी बटण दाबून त्यांच्या लाइनवर गेलो.

"काय करून राहिले तिथं?"

"तुम्ही ठेवला. मी कुठं ठेवला? राग गेला का, विचारायचं होतं."

"नाही गेला."

"मग थांबतो. बॅटऱ्या तुमच्याच आहेत."

मी म्हटलं, "या आता, भाजी थंडी होऊन राहिली."

पुढे त्यांचे डबे वाडीभर लागले, खापरखेड्याच्या ठेकेदारांकडेही गेले. बाहेरगावचे व्यापारी विचारत, हा माल मुंबईचा का? मी म्हणे, आमच्या साडूंचा. सासरेही पुढे पाहुण्यांना सांगू लागले, "दोघा जावयांचा कारखाना आहे." कमी भाव सांगितल्याचा राग मात्र माझा अजून गेलेला नाही. त्या दिवशी मला बोलू दिलं असतं तर आज गोष्ट वेगळी असती, हे मी त्यांना शेवटपर्यंत ऐकवलं, आणि तेही शेवटपर्यंत हसत राहिले.

साडूंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. तो पहिला डबा माझ्या घरी भिंतीवर आहे. मुलगा म्हणतो, बंद पडलेली वस्तू कशाला ठेवता? त्याच्या बॅटऱ्या मात्र मी अजून चार्ज करून ठेवतो. गेटचा दिवा लागत नाही. मी मुलाला सांगतो, बंद पडलेला नाही तो. कोणी उचललेला नाही, एवढंच.