अर्धे वृंदावन

त्या चित्राचा तपास मी अजून विसरलेली नाही. ऐंशी सालाच्या आगेमागे मी वर्ध्याच्या एका ठाण्यात महिला पोलीस होते. शिक्षण सातवी. पंचनामा बिनचूक लिहीत असे, चित्रांतले मात्र काही कळत नव्हते.

सिंदीकडच्या एका खेड्यातले चित्रकार मुंबईला जाऊन मोठे झाले होते. त्यांच्या जन्मभराच्या चित्रांचे प्रदर्शन आमच्या गावातल्या सभागृहात भरले. नव्या तऱ्हेची चित्रे. माणसांना तोंडे नाहीत, बैल चौकोनी. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांतले सर्वांत जुने चित्र भिंतीवरून गेले. हातभर लांबीचे, चौकटीसकट. रविवारी चित्रकारांच्या गावची सगळी मंडळी ट्रकने बघायला येणार होती. ठाणेदारांनी आयोजकांचा अर्ज घेतला आणि चौकीदाराला उचलून आणले. दोन थपडा खाऊनही तो एकच सांगत होता, "साहेब, कोणीच नाई आलं." चित्र मिळाले नाही तर त्याची नोकरी जाणार, हे ठरलेलेच होते.

संध्याकाळी समोरचा चहावाला ठाण्यात चहा घेऊन आला आणि मला हळूच म्हणाला, "बाई, त्या बुढ्याले काऊन मारता? मागच्या फाटकातून गवतवाल्या बायांशिवाय कुत्रंबी नाई निंगालं."

मी चौकीदाराजवळ जाऊन बसले.

"काय हो, बाया आल्या होत्या म्हणे?"

"बाया त रोजच येते गवत कापाले. साहेबानं विचारलं, कोण आलं होतं. बाया का 'कोणी'त मोजाच्या हायत?"

तो खोटे बोलत नव्हता. त्याच्या हिशेबी कोणी आलेच नव्हते.

प्रदर्शनाच्या पुस्तकात त्या चित्राचा फोटो होता. पाठमोरी बाई, पाठ उघडी, एक हात मागे वळलेला. हातावर हिरव्या रेघा आणि ठिपके. खाली कोणा विद्वानाने लिहिले होते की ही अपुरी आकृती म्हणजे चित्रकाराच्या बंडखोरीची सुरुवात. मला हसू आले. ते सरळ गोंदण होते. तुळशी वृंदावन, तीन पायऱ्यांचे. खालची पायरी अर्धीच. माझ्या हातावरही आहे, पण पूर्ण.

शनिवारी सकाळी मी साध्या लुगड्यात मागच्या फाटकाशी गेले. चार बाया विळे घेऊन बसल्या होत्या. मी माझा हात पुढे केला.

"असं वृंदावन, पण अर्धं. कोणाचं हाय वं?"

एक खिदळली. "अव्वो, ते आमच्या रडूबाईचं! गोंदणारीनं सुई लावली न् ही अर्ध्यातच पयाली. तिचा नवरा अजून चिडवते तिले."

"कुठं आहे ती?"

"आज नाई आली. ताप हाय म्हणे."

ताप नव्हता. रेल्वे रुळांपलीकडे तिचे घर होते. पन्नाशीची बाई, म्हशीपुढे बसलेली. मी पोलीस आहे हे तिने ओळखले आणि पदराने हात झाकला. मी काही विचारण्याआधीच तिने गोठ्यातल्या गवताच्या गंजीकडे पाहिले. मी हात घातला, चित्र निघाले.

"विकायचं होतं?"

"कोण घेते असलं! सोमवारी नेऊन ठेवणार होतो. उद्या आमच्या घरचे गावच्या माणसायसंगं पाहाले जाऊन राह्यले. हा हात त्यायले आंधारातबी समजन." मग म्हणाली, "लगनानंतरचं वर्ष होतं. गावाकडं शेजारचे हे चित्रवाले भाऊजी म्हणे, पाठ दे फक्त, वहिनी, तोंड काढत नाई, कोणाले समजन नाई. माह्यी अक्कल का होती तवा?"

"आणखी काही?"

"नाई. पण हे कोणाले पटन, पोलीसबाई?"

मला पटले. तीस वर्षांच्या नोकरीत खोटे बोलणाऱ्या बाया मी पुष्कळ पाहिल्या. त्या आधी रडतात. ही रडली नाही.

तिला आणि चित्राला घेऊन मी सभागृहाच्या मागच्या खोलीत गेले. तिला पाहताच चित्रकार उठून उभे राहिले. "वहिनी, तुम्ही?"

"वयखलं का, भाऊजी? तोंड नाई काढत म्हणे, न् हात काढून ठेवला! तोंडापेक्षा त हातच बोंबलते!"

 त्यांनी रंगांची पेटी उघडली, बारीक कुंचला घेतला आणि त्या अर्ध्या पायरीला दुसरी बाजू काढली. वर पाच ठिपके दिले. आयोजक ओरडला, "सर, मूळ चित्र आहे ते!" ते म्हणाले, "मूळ या उभ्या आहेत. आज चूक दुरुस्त झाली." आता तो हात जिल्ह्यातल्या कोणत्याही बाईचा झाला होता.

त्यांनी आयोजकांना अर्ज मागे घ्यायला लावला. गुन्हा नोंदलेला नव्हताच. डायरीत मी लिहिले, चित्र गवतात मिळाले. दुपारी चौकीदार पुन्हा फाटकावर बसला होता.

पुढे एकदा ती बाजारात भेटली. "घरचे चित्रापुढं लय वेळ उभे राह्यले," म्हणाली. "घरी येऊन मले म्हणते कसे, तिथली बाई पाह्यली का, पूर्ण वृंदावन गोंदून घेतलं तिनं. तुह्यासारखी पयपुटी नसन!"

त्या दिवसापासून तपासाला गेले की 'कोण आले होते' हे मी नंतर विचारू लागले. रोज कोण येते, ते आधी.