आज वार कोणता?

कबड्डीवाले दोघं भेटले, की चहा थंड होईस्तोवर किस्से सुरू. आमच्या देवळीच्या संघात फक्त एक अडचण आहे. निम्मे किस्से ज्याचे, त्यालाच आठवत नाहीत. मग ते इतरांनी सांगायचे. माझा गुडघा गेल्यापासून मी बेंचवर असतो, त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं. सांगून सांगून थकलो राव.

त्यातले बहुतेक किस्से सुध्याचे. सुध्या आमचा कॉर्नर. समोरच्याची मांडी धरायला हा डोकं आधी घालायचा, हात नंतर.

*

आमचे कोच बंडूभाऊ. त्यांची तपासायची एकच पद्धत. कोणी डोक्याला लागून पडला, की तोंडावर पाणी मारायचं आणि विचारायचं, "आज वार कोणता?" बरोबर सांगितलं की परत आत. आम्ही बेंचवाले भाऊंच्या पाठीमागून नुसते ओठ हलवून उत्तर पुरवायचो. सुध्या तर डोळे उघडले की आधी आमच्याकडेच पाहायचा.

एकदा रविवारची फायनल पावसानं सोमवारवर गेली. सुध्याच्या कानशिलावर गुडघा बसला. भाऊंनी वार विचारला. आम्ही पुरवला. सुध्या म्हणाला, "सोमवार."

"नाई बाप्पा. याले जोरात लागलं. बाहेर बसवा."

भाऊंच्या डोक्यात अजून रविवारच होता.

डोक्याला लागून सुध्या बाहेर बसला, तो तेवढाच एकदा.

*

आष्टीला मात्र कहर झाला. दोघांची डोकी आदळली. सुध्या उठला, वार सांगितला, आत गेला. पुढच्याच चढाईत आमचा रेडर पॉइंट घेऊन परत आला, तर सुध्यानं त्याचीच कंबर धरून त्याला आडवा केला.

"अबे, मी आपलाच हाव!" रेडर खालून ओरडला.

"सोडू नका रे याले," सुध्या वरून आम्हाला सांगत होता.

परतताना गाडीत आम्ही हसून हसून बेजार. सुध्याही हसला, मग खिडकीतून ओकला. आम्ही दोष भज्यांना दिला. "मंग जिंकलं कोण?" त्यानं विचारलं. सांगितलं. आर्वी आली तेव्हा त्यानं पुन्हा तेच विचारलं, आणि गाडी पुन्हा हसली.

*

मग त्याचं डोकं दुखायला लागलं. स्कॅन केला, तो साफ निघाला. भाऊंनी पेढे वाटले. म्हणाले, "मी तं आधीपासून म्हणून राह्यलो, याच्या डोक्यात काई नाई."

सुध्याची बायको, माधुरी वहिनी, पेढा हातात धरून तशीच उभी राहिली. तिच्या घरात कुकर बंद झाला होता, कारण शिट्टी सुध्याला सहन होत नव्हती. डाळ पातेल्यात शिजायची. कधी कोणाला वाकडा शब्द न बोलणारा माणूस ट्यूबलाइट लावली की ताट फेकायचा.

"भाऊजी, फोटोत काई नाई, तं मंग मी घरी काय पाहून राह्यली?" तिनं मला विचारलं.

*

गेल्या महिन्यात सुध्या पुन्हा पडला. आमची घरची स्पर्धा तोंडावर आलेली, भाऊंना तो हवाच होता. वहिनी म्हणाली, डॉक्टर 'खेळ' म्हणतील तरच. म्हणून आम्ही चौघं सावंगीला मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

बाई म्हणाल्या, "कवटी फुटली नाही म्हणजे आत काही झालं नाही, असं नसतं. मार बसला की आत मेंदू हलतो. तो सावरायच्या आधी पुन्हा मार, मग पुन्हा. सगळं नुकसान स्कॅनमध्ये दिसेलच असंही नाही." मग सुध्याकडे वळल्या. "आज वार कोणता?"

सुध्यानं आमच्याकडे पाहिलं. बाईंच्या पाठीमागे भाऊंचे ओठ हलले.

"गुरुवार," सुध्या म्हणाला.

वहिनीनं ते पाहिलं. "पुरे करा आता, भाऊ. काऊन सांगता त्याले?" भाऊंनी मान खाली घातली. मीही घातली.

बाईंनी वहिनीकडे बोट केलं. "यांचं नाव काय?"

मी मान वर केली. सुध्या आमच्याकडे पाहत होता. आधी माझ्या तोंडाकडे, मग भाऊंच्या. भाऊंनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. मग त्यानं वहिनीकडे पाहिलं.

आणि वहिनीचे ओठ हलले.